दैव, चूक आणि हयगय

दिवाळीचा अंक घरात सर्वांनी हातोहात वाचावयाचा असतो. अशा अंकात दवाखाने, शस्त्रक्रिया आणि खटले यांविषयी लिहावे की नाही, हा प्रश्न मला पडला होता. पण दिवाळीला चार माणसे एकत्र जमतात, फराळाच्या बश्या रिकाम्या होतात आणि बोलणे हटकून कोणाच्या तरी आजारपणावर येते. 'आमच्या मेहुण्यांना डॉक्टरनेच मारले हो!' असे एकजण म्हणतो. लगेच कोणी वडीलधारे सुस्कारा टाकतात, 'दैवापुढे कोणाचे चालते?' आणि विषय तेथेच संपतो. दोन्ही वाक्ये मनापासून उच्चारलेली असतात. पण ज्याच्या घरातले माणूस गेले किंवा कायमचे अधू झाले, त्याला दोहोंचाही काडीइतका उपयोग होत नाही. या दोन वाक्यांच्या मधून कायद्याने एक वाट काढून ठेवली आहे. ती आपल्या सुशिक्षित घरांतूनही फारशी कोणाला ठाऊक नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी वकील नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवतो. पण मराठीच्या प्राध्यापकाकडे माणसे अर्ज लिहून घ्यावयास येतात. सोसायटीच्या पाण्याचा अर्ज, निवृत्तिवेतनाचा अर्ज, आणि मधूनमधून, 'सर, त्या हॉस्पिटलच्या विरुद्ध एक चांगला कडक अर्ज लिहून द्या ना!' असा. कडक अर्ज लिहिणे सोपे असते. तो कोणाच्या नावे लिहावा, त्यात काय मागावे आणि काय सिद्ध करावे लागेल, हे मात्र वाचल्याखेरीज कळत नाही. तेव्हा न्यायालयांचे निकाल मिळवून वाचू लागलो, आणि माझ्या लक्षात आले की पुष्कळसा घोळ शब्दांचा आहे.

तीन निराळे शब्द

आपण दैव, चूक आणि हयगय हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरतो. कायदा तसे करीत नाही.

उपचार योग्य झाले, वेळेवर झाले, तरीही रोग बळावला आणि माणूस गेले, हे दैव. एका दुखण्याला दोन मान्य उपाय आहेत, डॉक्टरांनी विचार करून त्यांतला एक निवडला आणि तो लागू पडला नाही, ही फार तर निर्णयाची चूक. पण जे त्या विद्येत शिकलेल्या कोणत्याही सामान्य डॉक्टरने केले असते ते केलेच नाही, किंवा जे कोणीही केले नसते ते केले, तर ती हयगय. कायदा जाब विचारतो तो या तिसऱ्या गोष्टीचा.

हे मोजमाप इंग्लंडातल्या 1957 सालच्या बोलम खटल्यापासून प्रसिद्ध आहे. मनोविकाराच्या एका रुग्णाला स्नायू सैल करणारे औषध न देता विजेचे झटके दिले गेले आणि त्याची हाडे मोडली. असे औषध द्यावे की नाही, याविषयी त्या काळी जाणत्या डॉक्टरांतच दोन मते होती. म्हणून निकाल रुग्णालयाच्या बाजूने लागला. डॉक्टरांच्या एका जबाबदार वर्गाला मान्य असलेल्या रीतीने जो वागला, तो केवळ दुसऱ्या वर्गाचे मत निराळे आहे म्हणून दोषी ठरत नाही, असे हे सूत्र आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते पुढे स्वीकारले.

वाचकांपैकी काहींना हे डॉक्टरांना फार सवलतीचे वाटेल. पण प्रत्येक अपयशाबद्दल डॉक्टर दोषी ठरू लागला, तर अवघड रुग्णाला हात लावण्यास कोण धजेल? मरणाच्या दारातल्या माणसावर उपचार करणाराच सर्वांत आधी अडकेल. तेव्हा ही सवलत अखेर आपल्याच उपयोगाची आहे.

पालशेतच्या किनाऱ्यापासून दिल्लीपर्यंत

या विषयावरचा आपल्या देशातला एक पायाभूत खटला अस्सल महाराष्ट्रातला आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो 'जोशी विरुद्ध गोडबोले' म्हणून ठाऊक असतो.

6 मे 1953 ची संध्याकाळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेत गावच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. किनाऱ्यापासून घर दीड मैल. बाज आणून त्याला घरी नेण्यातच वेळ गेला. गावच्या डॉक्टरांनी पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधल्या. मग मोटार मिळवून त्याला पुण्यास नेण्यात आले. दोनशे मैलांचा प्रवास, अकरा तास लागले. 9 मे रोजी तो पुण्यातल्या एका शल्यविशारदांच्या रुग्णालयात दाखल झाला आणि त्याच रात्री मरण पावला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते.

रुग्णालयाने मृत्यूचे कारण दिले ते असे, की मोडलेल्या हाडातली चरबी रक्तवाहिनीत जाऊन अडकली. वडिलांचे म्हणणे निराळे होते. पुरेशी भूल न देता, तीन मदतनिसांकरवी अवाजवी जोर लावून पाय ओढला गेला, आणि त्या धक्क्याने मुलगा गेला, असा त्यांचा आरोप होता. डॉक्टर म्हणत होते की हाड बसवण्याचा प्रयत्न आपण त्या दिवशी केलाच नाही. प्रवासाने थकलेल्या रुग्णाचा पाय फक्त प्लॅस्टरमध्ये स्थिर केला. खालच्या न्यायालयाने वडिलांची बाजू खरी मानली, मुंबई उच्च न्यायालयाने तोच निकाल उचलून धरला, आणि 2 मे 1968 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. नुकसानभरपाई किती? तीन हजार रुपये. मुलगा गेल्यानंतर पंधरा वर्षांनी.

आज तीन हजार हा आकडा वाचून कोणी हसेल. पण त्या निकालाने जे सांगितले ते आजही रोज उपयोगी पडते. रुग्णाला हाती घेणाऱ्या डॉक्टरवर तीन ठिकाणी काळजी घेण्याचे बंधन येते: हा रुग्ण आपण घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करावा हे ठरवताना, आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना. कौशल्य किती पाहिजे? न्यायालय म्हणते, अत्युच्च नको आणि अगदी हलकेही नको, वाजवी पाहिजे.

कोणाच्याही घरी असा प्रसंग आला, तर कडक अर्जाऐवजी हे तीन प्रश्न कागदावर लिहावेत. या डॉक्टरांनी हे काम हाती घ्यावयास हवे होते का? निवडलेला उपचार मान्य रीतीचा होता का? आणि तो करताना नेहमीची काळजी घेतली गेली का? 'डॉक्टर उर्मट होता', 'बिल भरमसाट लावले', 'धड बोलला नाही' या तक्रारी खऱ्या असतील. पण त्या या तीन प्रश्नांची उत्तरे नव्हेत.

पोटात राहिलेला टॉवेल

पुण्याच्या खटल्यात दोन्ही बाजूंना पुष्कळ वाद घालता आला. काही प्रसंग मात्र असे असतात की वस्तुस्थितीच बोलते. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 1963 च्या जुलैत सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. तीन दिवसांनी तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. लगोलग ताप चढला, पोट दुखू लागले, आणि ते कमी होईना. सहा दिवसांनी पोट पुन्हा उघडले तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेतला टॉवेल आत राहिलेला सापडला आणि पू झालेला होता. 24 जुलैला ती गेली.

तिच्या पतीने दावा लावला. खालच्या न्यायालयाने छत्तीस हजार रुपये देवविले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली तो पुन्हा कायम केला. नेमका कोणत्या डॉक्टरचा दोष किती, हे ठरवत बसण्याचे न्यायालयाला कारण वाटले नाही. टॉवेल आपोआप पोटात जात नाही. तेथे हयगय झाली हे उघड आहे, आणि आपल्या नोकरांच्या हयगयीची जबाबदारी सरकारवर आहे, असा तो निर्णय.

या खटल्यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. सरकारी रुग्णालयात फुकट उपचार घेतले म्हणून माणसाचा हक्क बुडत नाही, ही पहिली. दुसरी अधिक कडू आहे. आई गेली तेव्हा जे बाळ काही दिवसांचे होते, ते निकाल लागला तेव्हा बत्तीस वर्षांचे झाले असते.

रुग्ण ग्राहक झाला

दिवाणी न्यायालयाची ही दिरंगाई सर्वसामान्य माणसाला परवडत नव्हती. 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा आला. डॉक्टरकडून घेतलेली सेवा त्या कायद्यात बसते का, यावर बरीच वर्षे वाद चालला. 'रुग्ण म्हणजे काय गिऱ्हाईक आहे?' असे डॉक्टर मंडळी विचारीत, आणि त्यात भावनेचा काही अंश खराही होता. 13 नोव्हेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय वैद्यकीय संघटना विरुद्ध शांता या खटल्यात वाद मिटवला. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते. जेथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींवर मोफत उपचार करतात, तेथले मोफत रुग्णही ग्राहक ठरतात. विमा कंपनीने किंवा मालकाने बिल भरले तरीही तसेच. जेथे सर्वांनाच सर्व उपचार फुकट मिळतात ते रुग्णालय तेवढे या कायद्याबाहेर. तेथे औरंगाबादच्या त्या पतीप्रमाणे दिवाणी न्यायालयात जावे लागते.

नवा ग्राहक संरक्षण कायदा 2019 साली झाला आणि 20 जुलै 2020 पासून अंमलात आला. त्याच्या व्याख्येत आरोग्यसेवा हा शब्द नाही, तेव्हा डॉक्टर सुटले, असे काहींनी म्हणून पाहिले. मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ते अमान्य केले आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात बदल केला नाही. तेव्हा या बाबतीत कोणी घाबरवले तर घाबरू नये.

आधी कागद

आता व्यवहाराकडे वळू. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. रुग्णालयाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप चढला, पोट फुगले, वेदना वाढल्या. मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती, 'डॉक्टरांना बोलवा.' उत्तर मिळे, 'ऑपरेशननंतर दुखतंच.' दुसऱ्या दिवशी दुपारी धावपळ करून त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. तेथे दुसरे ऑपरेशन झाले. सहा आठवडे अंथरुणावर काढून बाई वाचल्या.

मुलगी माझ्याकडे आली ती संतापाने थरथरत. मी तिला एकच काम सांगितले. एक वही घे, आणि तारीख, वार, वेळ घालून काय घडले ते लिही. विशेषणे घालू नकोस. कोण म्हणाले, काय म्हणाले, कोणत्या वेळी म्हणाले, एवढेच. आणि उद्या सकाळी जाऊन सर्व केसपेपर लेखी अर्ज देऊन माग. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घे.

केसपेपर मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. डॉक्टरांच्या वर्तनाविषयीचे 2002 चे नियम आहेत. त्यांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावे लागतात, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास 72 तासांच्या आत द्यावे लागतात. डिस्चार्ज कार्डावर भागवू नये. ते अखेरचे सार असते. खरी हकीकत असते ती दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, परिचारिकांचा तक्ता, औषधांचा तक्ता, शस्त्रक्रियेची आणि भुलेची टिपणे, तपासण्यांचे अहवाल आणि संमतिपत्र यांत. औषधांच्या आणि प्रयोगशाळेच्या पावत्या फेकू नयेत. एक्स-रेच्या फिल्मा गादीखाली दुमडून ठेवू नयेत.

त्या बाईंचे कागद चौथ्या दिवशी मिळाले. परिचारिकेच्या तक्त्यात संध्याकाळपासून ताप लिहिलेला होता, चढत गेलेला. 'रुग्ण वेदनेची तक्रार करीत आहे', 'डॉक्टरांना फोनवर कळवले' अशा नोंदी होत्या. आणि डॉक्टरांच्या नोंदींचे पान अठरा तास कोरे होते. दुसऱ्या एका शल्यविशारदांनी ते कागद वाचून लेखी मत दिले. पहिल्या ऑपरेशनमध्ये काही गैर नव्हते; अशी गुंतागुंत चांगल्या हातूनही होते. पण अशी लक्षणे दिसत असताना रात्रभर रुग्णाला कोणी येऊन तपासू नये, हे कोणत्याही रीतीत बसत नाही, असे ते मत होते. मुलीचा सारा राग ऑपरेशनवर होता. कागदांनी तिला तिची खरी तक्रार दाखवून दिली.

जिल्हा ग्राहक आयोगाचा निकाल यावयास जवळजवळ चार वर्षे लागली. दुसऱ्या उपचाराचा खर्च आणि वर काही रक्कम, व्याजासह मिळाली. बाई मला म्हणाल्या, "सर, पैसे मिळाले ते बरंच झालं. पण त्या रात्री मी हाका मारत होते, ते कुणीतरी लिहून ठेवलं होतं बघा. ती पोरगी कोण होती, मला माहीत नाही. तिचे उपकार आहेत."

कोणत्या दारी जावे

दारे चार आहेत, आणि प्रत्येक दारी मिळणारी वस्तू वेगळी आहे.

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. उपचारासाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग. येथे आपण किती भरपाई मागतो ते पाहत नाहीत, उपचाराचा मोबदला किती दिला ते पाहतात. म्हणून बहुतेक घरांचे काम जिल्ह्यातच होते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पूर्वी रुग्णालय असेल त्या गावी जावे लागे. नव्या कायद्याने आपण राहतो किंवा नोकरी करतो तेथेही तक्रार करता येते. लातूरच्या माणसाचे ऑपरेशन मुंबईत झाले तरी त्याला लातूरला दाद मागता येते. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो. पण त्या भरवशावर राहू नये. दुःखात पहिले वर्ष कधी निघून जाते ते कळत नाही.

डॉक्टरच्या वर्तनाची चौकशी व्हावी असे वाटत असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. ती ताकीद देऊ शकते, काही काळ किंवा कायमचे नाव नोंदवहीतून काढू शकते. पैसे देववू शकत नाही.

तिसरे दार फौजदारी. माणसे सर्वांत आधी येथेच धावतात, आणि हेच सर्वांत अरुंद आहे. लुधियानातल्या एका रुग्णालयात 1995 साली श्वास कोंडलेल्या वृद्ध रुग्णासाठी आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला. त्या जेकब मॅथ्यू खटल्यात 5 ऑगस्ट 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की फौजदारी गुन्ह्याला साधी हयगय पुरत नाही. ती अत्यंत गंभीर असली पाहिजे. दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे विश्वासार्ह मत असल्याखेरीज खाजगी फिर्याद दाखल करून घेऊ नये, तपास अधिकाऱ्याने शक्यतो सरकारी सेवेतल्या त्याच शाखेच्या डॉक्टरचे मत घ्यावे, आणि आरोप झाला एवढ्यावरून डॉक्टरला सरसकट अटक करू नये, असेही त्या निकालात आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये अशा मृत्यूबद्दल नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे.

चौथे दार दिवाणी न्यायालयाचे. त्याचे दर्शन वर घडलेच आहे.

पाचवे दार काही लोक स्वतःच तयार करतात: काचा फोडण्याचे आणि डॉक्टरच्या अंगावर धावून जाण्याचे. महाराष्ट्रात 2010 च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई सांगितली आहे. शिवाय त्या गोंधळात खरी तक्रार पार बुडून जाते, आणि कालचा फिर्यादी आज आरोपी होतो.

वकील निवडतानाही थोडे तारतम्य लागते. 'कोटी मिळवून देतो' असे पहिल्या भेटीत सांगणाऱ्यापेक्षा 'आधी कागद आणा' असे म्हणणारा बरा. कोलकात्यातल्या एका खटल्यात 2013 साली सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई मिळाली, हे खरे. पण तेथे पत्नी गमावलेला पती स्वतः डॉक्टर होता आणि पंधरा वर्षे लढला. तो आकडा डोळ्यांपुढे ठेवून कोणी हिशेब मांडू नये. फी परवडत नसेल तर 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना आणि मुलांना तेथे उत्पन्नाची अट नाही. तज्ज्ञाचे मत बहुधा लागतेच; पण टॉवेलसारखा उघड प्रकार असेल तर प्रत्येक वेळी त्याची सक्ती नाही, असे 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे.

सही कोणाची?

आणखी एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्याकडे बाई आजारी असते आणि सही नवरा, भाऊ नाहीतर मुलगा करतो. तिला कोणी विचारीतही नाही. दिल्लीत 1995 साली एक महिला केवळ दुर्बिणीतून तपासणी करून घेण्यासाठी दाखल झाली. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली निर्णय दिला की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि जिवावरचा प्रसंग नसेल तर शुद्धीवर येणाऱ्या सज्ञान रुग्णाऐवजी दुसऱ्याची संमती चालत नाही. कुशल हाताने आणि चांगल्या हेतूने केलेली शस्त्रक्रियाही रुग्णाला न विचारता केली तर ती बेकायदा ठरते. तेव्हा कोऱ्या छापील कागदावर घाईने सही करू नये. काय करणार, धोका कोणता, दुसरा मार्ग आहे का, न केल्यास काय होईल, हे चार प्रश्न विचारावेत. आणि ते आजारी माणसाच्या समोर विचारावेत.

विचारणे म्हणजे वैर नव्हे

हे सारे वाचून कोणाला वाटेल की आता प्रत्येक डॉक्टरकडे संशयाने पाहावयाचे. तसे नाही. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांना हृदयविकाराचा झटका आला आणि काही तासांतच ते गेले. मुलाच्या मनाने घेतले की डॉक्टर उशिरा आले. महिनाभर त्याला झोप नव्हती; आईशी, बायकोशी, सर्वांशी तो तुटक वागे. त्यालाही कागद मागावयास सांगितले. कागदांत पाहिले तर दाखल झाल्यापासून दहा मिनिटांत हृदयाचा आलेख काढलेला, औषधे दिलेली, प्रत्येक गोष्टीसमोर वेळ लिहिलेली. एका अनुभवी डॉक्टरांनी त्याच्याजवळ बसून अर्धा तास ते पान पान समजावून सांगितले. मुलगा रडला. मग म्हणाला, "काका, म्हणजे जे करायचं ते सगळं केलं होतं त्यांनी." तो त्या रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना भेटूनही आला.

एका घराला कागदांनी न्यायाची वाट दाखवली, दुसऱ्याला मनाची शांती दिली. दोन्ही घरांनी मागितले होते ते एकच, काय घडले ते सांगा. माझी अशी समजूत होत चालली आहे की पुष्कळशी भांडणे हे सांगितले न गेल्यामुळेच पेटतात. ज्या डॉक्टरांनी बाहेर येऊन, खुर्ची ओढून, पाच मिनिटे साध्या मराठीत बोलावे, ते आपल्या केबिनच्या दारामागे राहतात. आणि मग नातेवाइकांना त्या बंद दारामागे काहीतरी लपवलेले दिसू लागते. डॉक्टर मंडळींना एवढीच विनंती की ती पाच मिनिटे द्यावीत, आणि नोंद वेळच्या वेळी, वाचता येईल अशा अक्षरांत करावी. खरी नोंद हीच त्यांचीही ढाल आहे.

आणि वाचकांना सांगणे असे. दिवाळीच्या साफसफाईत घरातले जुने कागद बाहेर निघतातच. त्यांत प्रत्येकाच्या नावाची एक फाईल करावी. रक्तगट, कोणते औषध सोसत नाही, आजवरची ऑपरेशने, चालू गोळ्या, तपासण्यांचे अहवाल तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. दवाखान्यात जाताना ती बरोबर न्यावी, आणि तेथे काय सांगितले ते घरी आल्यावर तारीख घालून लिहून ठेवावे. ही फाईल वकिलाला दाखवण्याची वेळ न येवो. पण डॉक्टरांना ती पहिल्याच दिवशी उपयोगी पडेल.